भरती कार्यालयाची पायरी

पहांटे मैदानावर धांवणाऱ्या मुलांस "कशासाठीं धांवतां?" असें विचारावें, तर उत्तर ठरलेलें असतें : "भरतीसाठीं." तें ऐकून समाधान वाटतें. साताऱ्याकडील ज्या अपशिंगे गांवानें पहिल्या महायुद्धांत ४६ वीर दिले, त्यास लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. अशा प्रांतांतील मुलांस सैन्याची ओढ न वाटेल तरच नवल. परंतु "भरती होते कशी?" असा पुढचा प्रश्न केला कीं बहुतेक गप्प बसतात. सन २०२३ पासून सैन्यांत प्रथम संगणकावर लेखी परीक्षा होते व धांव मागाहून, हेंही कित्येक धांवणाऱ्यांस ठाऊक नसतें. मित्रानें सांगितलें, अकॅडमीच्या फलकावर वाचलें, एवढाच आधार. स्वतः भरती कार्यालयांत जाऊन विचारलेला मुलगा क्वचितच भेटतो.

आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. पुणें, कोल्हापूर, नागपूर, छत्रपति संभाजीनगर येथें सैन्याचीं भरती कार्यालयें आहेत. तेथें चौकशीस पैसा पडत नाहीं. "साहेब माझ्या ओळखीचे" म्हणून जो रक्कम मागतो तो लबाड समजावा. दागिने गहाण टाकून अशांचे खिसे भरणारे पालक आहेत, ही दुःखाची गोष्ट.

मात्र भरती अधिकारी सैन्याचा सेवक असतो, आपला नव्हे. तो खोटें सांगेल असें नाहीं. पण न विचारलेलें सारें सांगेलच असेंही नाहीं. प्रश्न आपणच घरून न्यावे. सन २०२२ मध्यें जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ नियमांप्रमाणें अग्निवीर चार वर्षांकरितां घेतला जातो. फार तर शेंकडा २५ पुढें कायम होतात. बाकीचे व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन परततात, निवृत्तिवेतन नाहीं. पहिल्या वर्षीं वेतन ३० हजार, पण त्यांतील ९ हजार निधींत जातात. आणि मधेंच मन उडालें तर, अगदींच अपवाद वगळतां, स्वेच्छेनें सुटका नाहीं. आंकडे बदलूं शकतात, म्हणून तर प्रत्यक्ष विचारावयाचें. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दृष्टांत आपण उपासनेंत ऐकतों. येथें तर आयुष्याचीं चार कोंवळीं वर्षें खर्ची पडावयाचीं आहेत. बाविसाव्या वर्षीं घरीं परतलेला मुलगा पुढें काय करणार, हा प्रश्न जाण्यापूर्वींच घरांत बोलला गेला पाहिजे.

दुसरी वाट आहे हेंही सांगावें. बारावीच्या आधारें खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत जातां येतें, आणि सन २०२२ पासून तिचें दार मुलींसही उघडलें आहे. ती परीक्षा कठीण खरी. पण आमचीं मुलें तिचा अर्जही भरीत नाहींत.

अठरा वर्षांखालील मुलाच्या कागदावर पालकाची सही लागते. तेव्हां सहीच्या दिवसाची वाट न पाहतां वडिलांनीं सुटींतला एक दिवस काढून मुलासह त्या कार्यालयांत जावें. आईलाही न्यावें, तिचे प्रश्न बहुधा आपल्या यादींत नसतात.