एकच बंदूक पुरे, पण…

आपल्याकडे शिकारीवर कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. पण अमेरिकेत लायसन्स काढून शिकार चालते आणि तिथला नेहमीचा वाद म्हणजे, प्रत्येक शिकारीला वेगळी बंदूक हवी का? माझं मत : मुळीच नको! १९५० साली आलेल्या रेमिंग्टन ८७० सारखी एक बारा बोअरची पंप-अॅक्शन बंदूक पुरते. बदलायचं ते नळीचं टोक, म्हणजे चोक. लावे जवळून उडतात, तिथे मोकळा चोक. टर्कीच्या डोक्यावर लांबून नेम धरायचा, तिथे आवळ. बदकांसाठी तिथे १९९१ पासून शिशाचे छरे बंद आहेत. स्टीलचे छरे कडक, ते कमी पांगतात, म्हणून चोक थोडा सैल. हरणाला छरे नाहीतच. एकच गोळी आणि आट्यांची वेगळी नळी.

मात्र एक अट. चोक किंवा काडतूस बदललं, की जितक्या अंतरावरून मारायचं तितक्या अंतरावर कागद लावून छरे मोजा. फुल चोकचं रूढ माप आहे ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छरे. हे टेस्टिंग टाळलं तर पक्षी पटकन मरत नाही, जखमी होऊन झुडपात तडफडतो. आळस आपला, भोग त्याचे! ‘ऑल-इन-वन’ म्हणजे कशालाही चालवून घेणं नव्हे. प्रत्येक कामाआधी नव्याने तपासणं, हीच त्याची खरी किंमत.