गहाण पडलेला संघ

फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कसोटी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला आणि दोन्ही सामने हरून परतला. माउंट माँगानुईला २८१ धावांनी, हॅमिल्टनला ७ गड्यांनी. १९३२ पासून हे दोन देश एकमेकांशी कसोटी खेळत आले आहेत. न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मालिका जिंकली ती मात्र प्रथमच. वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर हा विषय तेथेच संपला. आपल्याला तो तेथे संपवून चालणार नाही. कारण या पराभवाचा निर्णय मैदानाबाहेर झाला होता, आणि त्याचे धागेदोरे थेट मुंबईपर्यंत पोहोचतात.

दौऱ्यासाठी निवडलेल्या १४ जणांपैकी ७ जण तोवर एकही कसोटी खेळलेले नव्हते. पहिल्या सामन्यात सहा जणांनी पदार्पण केले. खुद्द कर्णधार नील ब्रँड त्यांतला एक. समोर होता २०२१ चा कसोटी विश्वविजेता संघ, तोही घरच्या मैदानावर. रचिन रवींद्रने २४० धावा काढल्या, विल्यमसनने दोन्ही डावांत शतके ठोकली. रबाडा, मार्करम, महाराज, यान्सन हे बिनीचे खेळाडू मायदेशीच राहिले होते. १० जानेवारी ते १० फेब्रुवारी या काळात तेथे एसए-२० लीग चालू होती आणि करारबद्ध खेळाडूंवर पहिला हक्क लीगचा, हे मंडळाने आधीच मान्य केले होते. या लीगचे सहाही संघ २०२२ साली आयपीएलच्या भारतीय संघमालकांनी घेतले. केपटाऊनचा संघ रिलायन्सचा, प्रिटोरियाचा जेएसडब्ल्यूचा, आणि मार्करमच्या नेतृत्वाखाली १० फेब्रुवारीला अजिंक्यपद मिळवणारा संघ चेन्नईच्या सन टीव्हीचा. उभ्या पिकावर सावकाराचा पहिला हक्क, कुळाच्या घरी उरेल तो कोंडा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही.

येथे दोष खेळाडूंचा नाही. जेथे मोबदला अधिक तेथे श्रम विकणे श्रमिकाला भाग पडते. जे गेले तेही जिद्दीने लढले. पहिल्याच कसोटीत ब्रँडने एका डावात सहा बळी घेतले. हॅमिल्टनला या संघाने पहिल्या डावात ३१ धावांची आघाडी मिळवली आणि दुसऱ्या डावात बेडिंगहॅमने ११० धावा केल्या. दुय्यम म्हणून पाठवलेल्या संघाची ही लढत पाहिली, म्हणजे पूर्ण ताकदीचा संघ काय करू शकला असता, हा प्रश्न अधिकच बोचतो.

मंडळाचे समर्थक म्हणतात, तिजोरी रिकामी आहे. लीगमध्ये मोठा हिस्सा मंडळाचाच आहे. लीग बुडाली तर कसोटी क्रिकेटही बुडेल. तिजोरी रिकामी आहे हे खरे. पण ती रिकामी का, हे ते सांगत नाहीत. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२४ ते २०२७ या काळासाठी उत्पन्नाची नवी वाटणी मंजूर केली. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्यात भारतीय मंडळाचा वाटा शेकडा ३८.५ आणि दक्षिण आफ्रिकेचा ४.३७! ही मंजुरी मिळाली तीही दक्षिण आफ्रिकेतल्याच डर्बनला. भारतीय बाजारपेठ सर्वाधिक पैसा देते, असे समर्थन केले जाते. परंतु तो पैसा येतो कोट्यवधी सामान्य प्रेक्षकांमुळे, आणि ते पाहतात सामना. सामन्याला दोन संघ लागतात. एका हाताने टाळी वाजत नाही. एका संघाला आधी कंगाल करायचे, मग त्याचे खेळाडू विकत घ्यायचे आणि वर त्यालाच मदत म्हणायचे, हा मक्तेदारीचा जुनाच खाक्या आहे.

दुसरा आक्षेप असा, की याच दक्षिण आफ्रिकेने जून २०२५ मध्ये लॉर्ड्‌सवर ऑस्ट्रेलियाला ५ गड्यांनी हरवून कसोटीचे विश्वविजेतेपद मिळवले. मग बिघडले काय? बिघडले ते हेच! असा संघ देशात असताना न्यूझीलंडच्या प्रेक्षकांना तो दाखवला गेला नाही. विजेतेपदाचा तो चषक उंचावला तेंबा बवुमाने, केपटाऊनजवळच्या लांगा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जन्मलेल्या कर्णधाराने. ज्या देशात राष्ट्रीय संघाची दारे गोऱ्यांपुरतीच उघडी होती, तेथे त्या दारातून आत येण्यासाठी जनतेला पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. १९७० ते १९९१ हा देश वर्णद्वेषामुळे कसोटी क्रिकेटबाहेर होता. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही भारताने दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि हाती आलेल्या चषकावर पाणी सोडले. त्या वेळी भारताने तत्त्वासाठी आपला संघ मागे ठेवला. २०२४ साली भारतीय भांडवलाच्या सोयीसाठी दक्षिण आफ्रिकेने आपला संघ मागे ठेवला. या अधःपाताची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

क्रिकेट हा रिकामटेकड्यांचा विषय, असे म्हणून कार्यकर्त्यांनी तो झटकून टाकू नये. गिरणगावच्या गल्लीत आणि खेड्यातल्या खळ्यावर हा खेळ आपलीच मुले खेळतात. मागण्या स्पष्ट आहेत. कसोटी दौऱ्याच्या काळात खेळाडूंवर पहिला हक्क राष्ट्रीय संघाचा असावा. परिषदेच्या उत्पन्नाची वाटणी नव्याने व्हावी आणि भारतीय मंडळाने आपला वाटा घटवून घ्यावा. पाहुण्या संघाला यजमानाच्या उत्पन्नात हिस्सा मिळावा. या मागण्यांचा आग्रह प्रथम भारतातूनच धरला गेला पाहिजे; कारण गहाणखत भारतीय मालकांच्या हाती आहे.