मिग, मी आणि काकांचं भिंग

रविवार. दुपारचे साडेतीन. माझी रूममेट दार उघडून आत येते आणि मला बघून चपला काढायच्याच विसरते. मी हॉलच्या लादीवर पालथी पडलेय. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्यात चिमटा, केसांत सोफ्याखालची धूळ.

"काय हरवलं? कानातलं?"

"नाही गं," मी सोफ्याखालूनच, "अँटेना."

"टीव्हीची?"

"मिगची."

यावर ती फक्त "ओके" म्हणाली आणि मॅगी करायला निघून गेली. तीन वर्षं माझ्याबरोबर राहतेय बिचारी, सवय झालीय तिला. (अँटेना मिळाली, बाय द वे. माझ्याच कोपराला चिकटली होती.)

तर मंडळी, या आठवड्यात कबुलीजबाब. तुमचे वीकेण्ड मॉलमध्ये, ट्रेकवर किंवा झोपण्यात जातात. माझे प्लॅस्टिकची विमानं बनवण्यात जातात. खेळणी नाहीत हं ही. स्केल मॉडेल्स. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी येतात, त्यांना स्प्रू म्हणतात, आणि त्याला शेंगा लटकाव्यात तसे शे-दीडशे पार्ट लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. सगळं नीट झालं तर खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी आवृत्ती तयार. नीट नाही झालं तर... माझ्या कपाटावर अशी तीन आहेत.

हा छंद आपल्याकडे अजून 'अच्छा, असंही असतं?' या कॅटेगरीतला. तिकडे मात्र त्याला सत्तरेक वर्षांचा इतिहास आहे. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' हे जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत विकायला ठेवलं, तिथून त्यांची गाडी सुटली. जपानची टामिया तर मुळात १९४६ ची लाकडाची वखार! त्यांनी आधी लाकडी मॉडेल्स केली आणि १९६० मध्ये 'यामातो' युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं. आज मॉडेलवाल्यांच्या जगात टामियाचं नाव घेताना लोक कानाची पाळी पकडतात.

मी यात पडले ती वैतागून. फ्रीलान्सिंग म्हणजे दिवसभर लॅपटॉप. लिहिलेलं खोडा, परत लिहा, क्लायंटला पाठवा, 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-खरंच-फायनल'. हाताला लागेल असं काही दिवसाच्या शेवटी उरतच नाही. इथे उरतं. आणि इथे कंट्रोल-झेड नाही. पार्ट चुकीचा कापला की कापला.

सगळ्यात आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं, हे डिंकाने चिकटवायचं काम. नाही हो. मॉडेलचं सिमेंट प्लॅस्टिकला अक्षरशः वितळवतं. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रावण उडून गेलं की एकजीव. वेल्डिंगच म्हणा. त्यामुळे बोटाला लागलेलं सिमेंट पंखाला लागलं, की पंखावर तुमचा अंगठा कायमचा. आधार कार्डासारखा.

मग जोडावरची रेघ. खऱ्या विमानाच्या पोटावर वरपासून खालपर्यंत शिवण नसते, मॉडेलला असते, कारण ते दोन अर्ध्या शेंगांसारखं येतं. ती घालवायला पुट्टी भरायची (गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात, तिचीच नाजूक बहीण) आणि वर पॉलिश पेपर. आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १२००, पाणी लावून. हार्डवेअरच्या दुकानात मी "बाराशेचा द्या, दोन" म्हटल्यावर काउंटरवरचे काका विचारतात, "मॅडम, गाडी कुठली?"

रंग ब्रशनेही होतो, एअरब्रश असला तर उत्तम. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि मास्क लावा, थिनरचा वास म्हणजे काही मोगरा नव्हे. रंगावर आधी चकचकीत थर, कारण डिकॅल्स, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे ते नंबर आणि गोल चिन्हं, खरबरीत रंगावर बसत नाहीत. खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात. सुरुवात करणाऱ्यांनी १:७२ स्केलचं छोटं विमान घ्यावं. दोघांचं मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि पॉपकॉर्न जेवढ्याला पडतं, साधारण त्या रेंजमध्ये बसतं. टँक नको, त्याच्या पट्ट्यात रणगाडा कमी आणि संयमाची परीक्षा जास्त.

एवढं सगळं करून झालं, की येतो मॉडेलवाल्यांचा सगळ्यात लाडका भाग, वेदरिंग. नवंकोरं दिसणारं विमान वापरलेलं दाखवायचं. स्पंज टिपून रंगाचे टवके उडवायचे, खडूच्या भुकटीने धुराचा काजळपणा आणायचा, पत्र्यांच्या जोडांत पातळ केलेला काळपट ऑइल पेंट सोडायचा, म्हणजे रेघा उठून दिसतात. मी या प्रकाराच्या प्रेमात आहे. होते. सांगते.

माझं आत्ताचं विमान म्हणजे मिग-२१ बिस. युरोपियन किट, स्केल १:४८. खऱ्या मिगच्या पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वासात मीटरही नाही. माझ्याकडे ती पंधरा सेंटिमीटर होते. हेच विमान का, तर २६ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी चंदिगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ मध्ये त्याची पहिली स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली होती. हवाई दल प्रमुखांनी स्वतः उड्डाण केलं, विमानांवर पाण्याचे फवारे सोडले, सगळ्या चॅनलवर लाइव्ह. मी पुण्यात चहा पीत बघत होते आणि तिकडे नाशिकला आमच्या मोठ्या काकांनी, काकू सांगते, टीव्हीचा आवाज बंद केला होता.

कारण काका ओझरचे. म्हणजे राहतात नाशिकला, पण एकोणचाळीस वर्षं ओझरला एचएएलमध्ये होते, रिव्हेटर. १९६४ मध्ये तो कारखाना मिगसाठीच उभा राहिला. इंजिन ओडिशातल्या कोरापूटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं आणि विमानाचा सांगाडा ओझरचा. काका १९७८ ला लागले, ऐंशीच्या दशकात बिसचे पंख केले, पुढे बायसनचं अपग्रेड आलं तेव्हाही तिथेच, २०१७ ला रिटायर. लहानपणी आम्हाला त्यांची एकच गोष्ट माहीत होती : काकांशी बोलायचं तर उजव्या बाजूने. डावा कान गेलेला.

आता थोडं अवघड.

२०१९ मध्ये मी मास कॉम करत होते. फेब्रुवारीत विंग कमांडर अभिनंदन यांचं मिग-२१ बायसन पडलं, ते पकडले गेले, १ मार्चला परत आले. सगळा देश मिशांवर बोलत होता. मला वाटलं, आपण वेगळं लिहू. असाइनमेंटसाठी झकास फीचर केलं. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेले आकडे शोधले : घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेलेली, १७१ वैमानिकांचा मृत्यू. हे आकडे सगळ्या प्रकारच्या मिगचे होते, पण लोकांच्या डोक्यात मिग म्हणजे मिग-२१. नवशिक्या वैमानिकांना संथ ट्रेनरवरून उठवून थेट या वेगवान विमानात बसवलं जायचं, मधल्या टप्प्याचं हॉक हे जेट ट्रेनर यायला २००८ उजाडलं, हेही लिहिलं. मथळा दिला : 'उडती शवपेटी'. सगळे देतात तोच. मार्क चांगले मिळाले. प्रिंटआउट मी कौतुकाने काकांना नेऊन दिली.

काकांनी ती पूर्ण वाचली. चष्मा काढला. म्हणाले, "शुद्धलेखन चांगलंय तुझं."

तो विषय तिथेच संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

गेल्या दिवाळीला मिग घेऊन नाशिकला गेले. बुटांच्या खोक्यात कापूस घालून, एसटीत पूर्ण वेळ मांडीवर. पंख प्रवासात मोडतील म्हणून रंगवून सुटेच ठेवले होते. तीन रविवार घालवून वेदरिंग केलेलं. पाडव्याला फराळ झाल्यावर मी खोका उघडला.

काकांनी आधी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं. आतला तो हिरवट-निळा रंग बघून मान डोलावली. मग नाक उचलून बघितलं. "जड का गं पुढून?" म्हटलं, काका, नाहीतर शेपटीवर बसतं ते. नाकातल्या शंकूत शिशाचे छर्रे भरलेत, मासे पकडायच्या गळाला लावतात ते. "तिथे रडार असतं," काका म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग उजवा पंख हातात घेतला, पेपर वाचायचं भिंग आणलं आणि खिडकीत जाऊन बसले.

"हे काळं काय लावलंस?"

"वॉश आहे. पत्र्यांचे जोड दिसावेत म्हणून."

"केवढी जाड असेल ही रेघ?"

"असेल ०.२ मिलिमीटर. जास्तीत जास्त."

काका क्षणभर गप्प. मनात गुणाकार चालला होता. "अठ्ठेचाळीस पट म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. पंखाच्या पत्र्यात एक सेंटिमीटरची फट? इन्स्पेक्शनवाल्याने मला त्याच पंखावर बसवून गेटबाहेर सोडलं असतं."

बाबा जोरात हसले. मी पण. काका नाही.

"आणि हे टवके? हा धूर?"

"वापरून वापरून होतं ना, काका. सगळे मॉडेलवाले करतात."

"आमच्या हातातून गेलं तेव्हा असं नव्हतं."

मग काका बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. रिव्हेटिंग एकट्याचं काम नाही. एक जण बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा घट्ट धरतो, म्हणजे रिव्हेटचं शेपूट त्यावर आपटून चपटं होतं. काका बारीक, हात लांब, म्हणून सुरुवातीची वर्षं ठोकळा त्यांच्याकडे. कान त्यातच गेला. एखादा रिव्हेट तिरका बसला तर तो ड्रिलने काढायचा, पण मूळ भोक तसूभरही मोठं होता कामा नये. "तुझ्या पॉलिश पेपरचं सोपं आहे," काका म्हणाले, "परत घासता येतं."

आणि मग, पंखावरची नजर न काढता : "कुठे पडलं अशी बातमी आली, की आम्ही आधी नंबर शोधायचो. आपल्या शॉपमधून गेलेलं का. पेपरात नंबर नसायचाच बहुतेक वेळा. मग पोराचं नाव वाचायचो. वय वाचायचो."

२००६ मध्ये आम्ही सगळे 'रंग दे बसंती' बघायला गेलो होतो. मी आठ वर्षांची. इंटर्व्हलला काका पॉपकॉर्न आणायला गेले ते आलेच नाहीत, सिनेमा संपल्यावर बाहेर स्कूटरपाशी उभे. गर्दीत जीव घाबरला असेल, असं काकूने तेव्हा सांगितलं होतं. पाडव्याच्या त्या दुपारी ते मला एकदम आठवलं.

"तुझा तो लेख," काका म्हणाले. सहा वर्षांनी! "आकडे बरोबर होते. पण शवपेटी म्हटलं, की ती बनवणारा कोण ठरतो गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या १७१ जणांच्या घरी जाऊन कुणी सांगेल का, की जरा सौम्य शब्द वापरा? अपघातांवर लिहायलाच हवं होतं आणि लेखातला एकही आकडा मी मागे घेणार नाही. पण मथळा मी विचार करून दिला नव्हता. तयार मिळाला, चिकटवला. डिकॅलसारखा.

पुण्याला आल्यावर एक गोष्ट केली. थिनरमध्ये कापूस बुडवून डावा पंख साफ करायला घेतला. वॉश निघतो, टवके सहज निघत नाहीत. खालच्या रंगापर्यंत घासावं लागलं आणि पुन्हा पहिल्यापासून रंग. तीन रविवार पाण्यात. मॉडेल ग्रुपमधल्या एका मित्राला फोटो पाठवला तर तो म्हणतो, "हे काय, एकदम खेळण्यासारखं दिसतंय." दिसतंय खरं. स्वच्छ विमान मॉडेलमध्ये जरा खोटंच वाटतं, त्याचं म्हणणं चूक नाही. धड आणि शेपटीचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. एक्झॉस्टपाशी थोडा धूर तरी राहू द्यावा, असं मन म्हणतंय. काकांना विचारायला हवं.

उजवा पंख माझ्याकडे नाहीच. तो नाशिकला टीव्हीच्या शोकेसमध्ये, काकूच्या अष्टविनायकांच्या फोटोशेजारी आहे. काकांनी तो दिलाच नाही. रोज जेवण झालं की भिंग घेऊन बसतात, असा काकूचा रिपोर्ट. गेल्या बुधवारी रात्री दहाला त्यांचा स्वतःचा फोन आला, जो एरवी फक्त वाढदिवसाला येतो.

"मागच्या कडेची रांग मोजली. दोन रिव्हेट कमी टाकलेत त्या लोकांनी. येताना बारीक सुई घेऊन ये."