काळ्या दिनाची सायकल २ नोव्हेंबरला कुठे जाते?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या जांबोटी भागात एक गंमत सुरू होते. पडवीतल्या, गोठ्यातल्या, माळ्यावरच्या सायकली खाली उतरतात. कुणाचा टायर उंदरांनी कुरतडलेला असतो, कुणाची चेन गंजून काठीसारखी झालेली असते, कुणाच्या कॅरिअरवर कोंबडीने संसार थाटलेला असतो. पंक्चरवाल्याकडे रांग लागते. हवा भरली, तेल घातले, की ३१ तारखेला त्या सायकली टेम्पोत घालून बेळगावला रवाना! होय, सायकली टेम्पोतून जातात. १ नोव्हेंबरला काळी फीत लावून, घोषणा देऊन आम्ही फेरी पुरी करतो. २ तारखेला सायकल परत पडवीत आणि कोंबडी परत कॅरिअरवर.

हे मी कुणाची टिंगल करण्यासाठी लिहीत नाही. त्या टेम्पोत माझीही सायकल असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीसह हा सारा मराठी मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात डांबला गेला. तेव्हापासून आम्ही हा दिवस काळा दिन म्हणून पाळतो. संभाजी उद्यानातून निघणारी सायकल फेरी ही त्या दिवसाची ओळख. अलीकडे प्रशासनाने परवानगी नाकारली, गुन्हे घातले, तरी लोक येतात. पण या फेरीत सायकलच का, याचा विचार आपण कधी केला आहे का? माझ्या मते उत्तर साधे आहे. त्या काळच्या मराठी माणसाकडे दुसरे वाहन होते कुठे? मास्तर, दूधवाला, गवंडी, कारखान्यातला कामगार, ज्या सायकलीवरून रोज पोटासाठी जायचे तीच सायकल घेऊन निषेधाला आले. त्या फेरीत ताकद होती, कारण सायकल रोजची होती.

माझ्या वडिलांची काळी हर्क्युलस होती. चोवीस इंची, पुढे डायनॅमोचा दिवा, मागे असे दणकट कॅरिअर की त्यावर तांदळाचे पोते निमूट बसायचे. जांबोटीहून खानापूरला बाजाराला ते त्याच सायकलने जात. आम्ही पोरे त्या नळीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर शिकलो आणि गुडघे फोडून घेतले. वडिलांना सायकलीचा ओरखडा आमच्या गुडघ्याच्या ओरखड्यापेक्षा जास्त लागायचा. "काय करूलास रे माझ्या गाडीला?" असा आवाज आला की आम्ही सायकल भिंतीला टेकवून पसार! गाडी म्हणायचे ते तिला.

आता मी बँकेत काउंटरवर बसतो. कर्जाचे कागद डोळ्यांखालून जातात. दीड-दोन किलोमीटरवरच्या वाडीतून बसथांब्यावर यायला मोटारसायकल हवी, त्यासाठी कर्ज. हप्ता थकला की आईच्या पाटल्या सोनेतारणाला. मोटारसायकल वाईट असे मी म्हणत नाही, रात्री-अपरात्री आजारी माणूस न्यायचा तर तीच लागते. पण सायकलवर बसलेला जवान मुलगा म्हणजे परिस्थिती बेताची, ही समजूत आपण आपल्याच घरात पोसली आहे. सोयरीक बघायला आलेले पाहुणे अंगणात काय उभे आहे ते आधी बघतात, मुलाचे शिक्षण नंतर विचारतात.

माझाच मूर्खपणा सांगतो. मुलगा हट्टाला पेटला म्हणून बेळगावातून गिअरची सायकल घेतली. जाड टायर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, चकचकीत रंग. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा वेगळा पैसा देऊन बसवावा लागला. पहिल्याच पावसाळ्यात पोराच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठला आणि दप्तर ठेवायला जागा नाही म्हणून खांदे दुखू लागले. पुढे गिअर बिघडला. गावातल्या पंक्चरवाल्याने सायकलभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "साहेब, हे आपलं काम न्हाय." दुकानात नेली तर सुटा भाग मागवावा लागेल म्हणाले. तो भाग अजून येतोच आहे. वडिलांची हर्क्युलस मात्र तेल घातले की आजही चालते.

रविवारी सकाळी चोर्ल्याच्या रस्त्यावर बेळगावचे हौशी सायकलवाले दिसतात. डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला घट्ट कपडे, सायकल अशी की एका बोटाने उचलावी. जांबोटीत चहाला थांबतात. आमची पोरे सायकलींभोवती गोळा होतात, "काका, हिला गिअर किती हाईत?" म्हणून विचारतात. किंमत ऐकून मागे सरतात. या लोकांशी माझे भांडण नाही. पहाटे उठून घाट चढणारा माणूस मला आवडतो. शहरात आता तर जुन्या घाटाची, उभ्या दांड्याची, पुढे वेताची टोपली लावलेली सायकल हजारो रुपयांना मिळते म्हणे. म्हणजे जी सायकल आम्ही लाजेने गोठ्यात ढकलली, तीच शहरात शोभेची झाली! हॉलंडात, जिथे हे वेड खरे मुरले आहे, तिथे सायकल शोभेची नाही. साधी, जड, मडगार्ड-कॅरिअरवाली असते आणि पावसात बाहेर उभी असते. २०१० ते २०२४ पंतप्रधान असलेले मार्क रुटे तसल्याच सायकलवरून कचेरीत जाताना दिसत. आपल्याकडे तालुका पंचायतीचा सदस्य सायकलवरून आला तर लोक विचारतील, गाडी जप्त झाली काय?

अभिमानाच्या बाबतीत मात्र आपण कुणाला हार जात नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत पुरी केली, आपली छाती फुगली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली, पुन्हा फुगली. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली, देशोदेशीचे सायकलपटू सह्याद्रीचे घाट चढले, तेव्हा आमच्या मोबाइलवर अभिनंदनाचे संदेश मावेनात. शर्यतीसाठी पुण्याचे रस्ते गुळगुळीत झाले. चांगले झाले. पण १९६४ च्या टोकियोनंतर भारताचा एकही सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही, हेही त्याच मोबाइलवर कुणीतरी पाठवायला हवे होते. सव्वाशे-दीडशे कोटींचा देश! घराघरात सायकल होती तेव्हा तिला गरिबी समजलो, आणि आता शर्यत बघायला रस्त्याच्या कडेला उभे राहतो.

भाषा आणि सायकल यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. त्याला मी बेल्जियमला नेतो. तिथल्या फ्लँडर्स प्रांतातले लोक डच बोलीचे. संख्येने ते थोडे नव्हते, पण राज्यकारभार, न्यायालय, लष्करी अधिकारी, वरचे शिक्षण सारे फ्रेंचमध्ये. स्वतःच्या मुलखात शेतकऱ्याच्या भाषेला किंमत नाही, ही अवस्था आपल्याला काही नवी नाही. तिथे गरीब घरातून आलेला, कारेल व्हान वेनेंडाले हे टोपणनाव घेतलेला एक पत्रकार होता. १९१२ साली निघालेल्या एका क्रीडा वृत्तपत्रात तो लोकांच्या भाषेत लोकांच्या सायकलपटूंबद्दल लिहू लागला, आणि १९१३ साली त्याने 'फ्लँडर्सची फेरी' ही शर्यत सुरू केली. वृत्तपत्र खपावे हा हेतू होताच, तो काही संत नव्हता. पण शर्यत त्याने आपल्या मुलखातून नेली. दगडी फरसबंदीचे खडबडीत रस्ते, आखूड पण उभे चढ, वारा आणि पाऊस. ज्या रस्त्यांची लाज वाटायची त्याच रस्त्यांवर बाहेरचे भले भले दमू लागले आणि शेतकऱ्यांची, मजुरांची पोरे जिंकू लागली. शंभर वर्षे उलटली तरी त्या दिवशी सारा प्रांत पिवळ्या झेंड्यावरचा काळा सिंह घेऊन रस्त्याला येतो. भाषेचा लढा त्यांनी न्यायालयात, संसदेत, विद्यापीठात वेगळा लढला. गेंटचे विद्यापीठ १९३० साली त्यांच्या भाषेचे झाले. सायकलीने काही कायदे बदलले नाहीत. पण त्या भाषेतल्या पोराला आपण कुणापेक्षा कमी नाही हे अंगाने कळले, आणि ते वर्षातून एका दिवसात कळलेले नाही. शर्यत एका दिवसाची, पण ती जिंकणारा पोरगा रोज शाळेला, शेतावर, कामावर सायकलनेच जात होता.

आता आपल्याच जिल्ह्यात या. रामदुर्ग तालुक्यातल्या चंदरगीच्या क्रीडा शाळेत सायकलपटू घडतात. विजापूर आणि बागलकोटची कानडी मुले राष्ट्रीय स्पर्धांत पदके आणतात. सपाट, उन्हाने भाजलेला मुलूख, साध्या घरची पोरे! त्यांचे कौतुक करताना आपली जीभ अडखळू नये. आमचे भांडण सरकारशी आहे, त्या पोरांशी नाही. आमच्याकडे तर जांबोटी ते कणकुंबी असा चढ-उताराचा रस्ता दाराशी आहे. शहरातले लोक सरावासाठी पैसा खर्चून इथे येतात. मग या रस्त्यावरून एकही मराठी सायकलपटू का निघू नये? तालीम आहे, मंडळ आहे, डॉल्बी आहे, शुभेच्छांचे फलक आहेत. एका फलकाच्या पैशात किती जुन्या सायकली दुरुस्त होतील, हा हिशेब मी कॉमर्सचा पदवीधर म्हणून नाही, गावचा माणूस म्हणून मांडतो आहे.

आणि शर्यत राहिली बाजूला. माझे खरे दुखणे शाळेचे आहे. खानापूरच्या पश्चिमेला वाड्या जंगलात विखुरलेल्या. चौथी-पाचवीपर्यंत शाळा जवळ, हायस्कूल लांब. बस सकाळी येईल तेव्हा येईल. चालत जायचे तर पोराचे दोन तास रस्त्यात. मग एके दिवशी मुलगी घरी बसते, मुलगा हॉटेलात कामाला गोव्याला जातो, आणि मराठी शाळेचा पट आणखी दोनाने खाली येतो. पट खाली आला की शाळा बंद करायला सरकारला कारण मिळते. आम्ही मग निवेदन घेऊन जातो, मराठी शाळा वाचवा! कोण बसणार त्या शाळेत?

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कितीही कडू लागली तरी. कर्नाटक सरकारने २००६ पासून आठवीच्या मुलामुलींना फुकट सायकली दिल्या. माध्यम मराठी म्हणून आमच्या मुलांना वगळले नाही. म्हणजे आमच्या किती तरी मुली मराठी हायस्कूलला गेल्या त्या बेंगळूरने दिलेल्या सायकलीवर बसून! मग कोरोनाचे साल आले, वाटप थांबले, आणि पुढची कित्येक वर्षे आठवीतल्या पोरांना काही मिळाले नाही. त्यावर आपण किती मोर्चे काढले? परिपत्रक मराठीत द्या म्हणून आपण भांडतो आणि ते भांडलेच पाहिजे, तो आपला हक्क आहे. पण पोराच्या पायाखालची सायकल गेली तेव्हा आपल्यातल्या कुणाला पत्ताच नव्हता.

काही जण म्हणतील, या लेखकाने लढ्याला फाटे फोडले. सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दावा दाखल झाला. त्या वर्षी पहिलीत गेलेले पोर आज बाप झाले असेल. २०१३ साली आपले दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ साली एकही नाही. दावा चालू राहू दे, फेरीही निघू दे, परवानगी असो-नसो. मी येणारच. पण निकाल आपल्या बाजूने लागेल त्या दिवशी या वाड्यांत मराठी वाचणारे कोण उरले असेल, हेही कुणीतरी विचारायला नको काय? दुसरे म्हणतील, आमच्याकडे पाऊस किती, अस्वले किती, रस्त्याला खड्डे किती! खरे आहे. आषाढ-श्रावणात सायकल चालणार नाही, आणि अंधार पडल्यावर पोरांना जंगलातून पाठवू नये. पण दसऱ्यापासून परीक्षेपर्यंत चालते. तेवढे महिने पुष्कळ झाले.

म्हणून या भागातल्या जुन्या घरांना माझे मागणे आहे. आपल्या वाड्यांना पडव्या आहेत आणि प्रत्येक पडवीत एक तरी सायकल आहे. आजोबांची आठवण म्हणून ठेवली असेल तर नातवाला द्या. नातू पुण्याला, परदेशी गेला असेल तर शेजारच्या वाडीतल्या मुलीला द्या. तिचे आडनाव विचारू नका. यंदा १ नोव्हेंबरला टेम्पोत चढवण्याआधी सायकल जांबोटीत आणा. दोन पंक्चरवाल्यांना मी सांगून ठेवले आहे, टायर-ट्यूब आणि मजुरी माझ्याकडे. फेरी झाली की सायकल घरी नेऊ नका, परस्पर हायस्कूलच्या मास्तरांकडे सोडा. कुठल्या वाडीतून किती पोरे चालत येतात ती यादी त्यांच्याकडे तयार आहे. यादीत पहिले नाव नऊ किलोमीटरवरच्या मुलीचे आहे, तिला वडिलांची हर्क्युलस जाईल. सीट थोडी खाली करावी लागेल.