बरणीतली ग्रेव्ही आणि आईचा अंदाज

"आज तुझ्या देशाचं जेवण!" असं जाहीर करून माझ्या फ्लॅटमेटने ओट्यावर काचेची एक बरणी ठेवली. गेल्या वर्षी एक्स्चेंजचं एक सेमिस्टर मी इंग्लंडमध्ये काढलं, तेव्हाची ही गोष्ट. बरणीवर लिहिलं होतं, 'व्हीगन टिक्का मसाला सॉस'.

मित्रांनो, हा पठ्ठ्या व्हीगन. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मध यांनाही फुली. 'व्हीगन' हा शब्दच मुळी इंग्लंडचा, १९४४ मध्ये तिथे व्हीगन सोसायटी निघाली तेव्हाचा. आपल्याकडचा हिरवा ठिपका दुधाला चालतो, यांना ते चालत नाही. म्हणून बरणीत क्रीमच्या जागी नारळाचं दूध!

लॅब मॅन्युअल मी कधी वाचलं नाही, पण लेबल मात्र वाचतो. टोमॅटो, कांदा, नारळाचं दूध, तेल, साखर, कॉर्नफ्लोअर, लिंबाचा रस... आणि मसाले पार तळाला. तिकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जास्त काय आणि कमी काय, ते पहिल्या घासालाच कळलं. गोड! टोमॅटो सूपने हळद लावून घ्यावी तसं.

मी लगेच नाक मुरडलं. "हे आमचं जेवण नव्हे."

"मग तुमच्या घरी काय करतात?" त्याने शांतपणे विचारलं.

तोंडात 'पनीर बटर मसाला' आलं होतं. पण ते तर हॉटेलात, तेही कुणाच्या वाढदिवसाला! घरी काय असतं? पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेली भरली वांगी, ठेचा, कांदेपोहे. मी सांगत गेलो आणि त्याचे डोळे मोठे होत गेले.

"अरे, यात दूध कुठेच नाही! उद्या तू कर."

झालं! व्हायवाला पहिल्याच प्रश्नाला बसते तशी दातखीळ बसली. कारण यातलं एकही मला करता येत नव्हतं.

रात्री आईला फोन लावला. "पिठल्याला बेसन किती?" "अंदाजाने घाल." "पाणी?" "बसेल तेवढं." आता मला सांगा, ज्याने तीन वर्षं टॉलरन्सशिवाय ड्रॉइंग सबमिट केलं नाही, त्याने काय करावं? पिठल्यात अशा गुठळ्या झाल्या की फ्लॅटमेटला वाटलं, हे डंपलिंग्ज आहेत. त्याने आवडीने खाल्लं हा त्याचा मोठेपणा.

तेव्हापासून त्या बरणीला हसणं मी सोडलंय. चव सोडा, पण इंजिनिअर म्हणून बघा. लिंबाने आम्लता वाढते, म्हणजे ती टिकायला मदत होते. कॉर्नफ्लोअरने रस दाट राहतो. आपल्या स्वयंपाकघरात हेच काम पिठल्यातलं बेसन आणि वांग्यातलं कूट करतं. विज्ञान दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की बरणीवाल्याने आपलं लिहून ठेवलंय आणि आपण नाही. म्हणून सुपरमार्केटच्या फळीवर 'इंडियन' म्हणजे टिक्का मसाला. आणि चिकन टिक्का मसाल्याला तर २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी ब्रिटनचंच राष्ट्रीय खाद्य म्हटलं होतं! पिठलं त्या फळीवर नाही, याचा दोष त्यांना का द्यायचा?

आणखी एक गोष्ट बोचते. आई ताईला म्हणायची, "बघ आणि शीक." मला कधी म्हणाली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मुलगा म्हणून मिळालेली ही सवलत तेव्हा बरी वाटायची. परदेशात भूक लागल्यावर ती सवलत नव्हती, केटी होती, हे कळलं. बरणी निदान मुलगा-मुलगी बघत नाही. झाकण उघडेल त्याची ती.

सुट्टीत घरी आलो तेव्हा वजनकाटा घेऊन आईच्या मागे उभा राहिलो. आमच्या घरची एक वाटी बेसन म्हणजे ९० ग्रॅम, त्याला पाणी तीन वाट्या. बेसन आधी गार पाण्यात कालवायचं, मग फोडणीत ओतायचं. माझ्या गुठळ्यांचं मूळ इथे होतं! आई हसत होती. "अंदाज कधी वहीत मावतो का रे?" खरंय, सगळा मावत नाही. चाळीस वर्षांचा हात ग्रॅममध्ये कसा येणार? पण जेवढा मावतो तेवढा तरी उतरवून घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा मित्रांनो (हो, मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा!), जर्नल पूर्ण करायला आपण रात्र जागवतो. या सुट्टीत एक जर्नल आईच्या स्वयंपाकघरात लिहा. फाईल कव्हर लागणार नाही. सही मात्र तिचीच घ्या.