कराचीच्या सिस्टर आणि आपल्या घरातला चट्टा

आमच्या बचतगटाची मीटिंग संपली, सगळ्या जणी उठल्या, पण एक जण मागं रेंगाळली. पदर बाजूला करून तिनं दंडावरचा फिकट चट्टा दाखवला. "ताई, इथं टाचणी टोचली तरी कळत नाही बघा." मी म्हटलं, अगं, मग दवाखान्यात का नाही गेलीस? तर म्हणते, "सासूबाई म्हणाल्या, कुणाला बोलू नकोस. नणंदेचं लग्न व्हायचंय." (तिला विचारूनच हे लिहितेय. नाव, गाव मात्र विचारू नका.)

त्या रात्री मला कराचीच्या डॉ. रूथ फाऊ आठवल्या. १० ऑगस्ट २०१७ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी त्या गेल्या. एका ख्रिस्ती सिस्टरला पाकिस्तान सरकारनं शासकीय इतमामात निरोप दिला.

आपल्याकडं सिस्टर म्हटलं की दवाखान्यातल्या नर्सबाई डोळ्यांसमोर येतात, नाहीतर कॉन्व्हेंट शाळेतल्या पांढऱ्या झग्यातल्या. या दोन्हीतल्या नव्हत्या. जर्मनीत लाइपझिगला १९२९ साली जन्म. लहानपण महायुद्धात गेलं, बॉम्बहल्ल्यात घर उद्ध्वस्त झालं. पुढं पश्चिम जर्मनीत येऊन त्या डॉक्टर झाल्या आणि १९५७ मध्ये 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या कॅथलिक संघात गेल्या. या संघातल्या सिस्टर वेगळा पोशाख घालत नाहीत. पाकिस्तानात त्या सलवार-कमीज आणि ओढणीतच वावरायच्या.

खरं तर त्यांना यायचं होतं आपल्या भारतात. १९६० मध्ये निघाल्या, पण व्हिसाचं काही अडलं म्हणून कराचीत थांबल्या. तिथं रेल्वे स्टेशनजवळ कुष्ठरुग्णांची वस्ती होती. वस्तीतल्या दवाखान्यात त्यांच्याच वयाचा एक तरुण चिखलातून चार हातापायांवर रांगत आत आला. जणू माणसानं असंच यायचं असतं! तो प्रसंग त्या पुढं अनेकदा सांगायच्या. चार दिवसांसाठी थांबलेली बाई मग सत्तावन्न वर्षं तिथंच राहिली.

आता हे वाचून आपण काय म्हणतो? "किती हा त्याग! देवमाणूस हो!" मी पण म्हटलं होतं. पण मैत्रिणींनो, मला हल्ली या 'देवमाणूस' शब्दाची धास्तीच वाटते. बाईला एकदा देव्हाऱ्यात बसवलं की आपण हात जोडायला मोकळ्या आणि घरातला चट्टा झाकायलाही मोकळ्या!

रूथबाईंनी नुसती माया केली नाही. मायेनं जिवाणू मरत नाहीत. त्या आधी शिकायला गेल्या आणि कुठं, तर आपल्या वेल्लोरला! तिथं कुष्ठरोगाचे उपचार शिकून कराचीला परतल्या आणि 'मेरी अ‍ॅडलेड लेप्रसी सेंटर' उभं केलं. तिथल्याच लोकांना हे काम शिकवलं, देशभर केंद्रं काढली, सरकारला हाताशी धरलं. आईबापांनी गुहेत, गुरांच्या गोठ्यात कोंडून ठेवलेली मुलं त्यांनी शोधून बाहेर काढली. १९८८ मध्ये त्यांना पाकिस्तानचं नागरिकत्व मिळालं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिथला कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. ३६ वर्षं लागली त्याला. अहो, आपण तीन महिने एखादं काम केलं आणि कुणी नाव घेतलं नाही की रुसून बसतो!

गोठ्यात कोंडलेली मुलं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण नणंदेच्या लग्नासाठी दंडावर पदर ओढून बसलेली सून यापेक्षा फार का वेगळी आहे?

आणि सासूबाईंना तरी एकट्यांना बोल का लावू? पूर्वी एका बऱ्या झालेल्या आजोबांच्या घरी आम्ही सर्व्हेला गेलो होतो. आजींनी चहा केला. मी "आत्ताच घेतला" म्हणून कप तसाच ठेवला. समाजसेविका म्हणे! आजींना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं.

या आजारानं बाईचा संसार तर कायद्यानंही मोडता येत होता, माहीत आहे? हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते काढलं २०१९ मध्ये. बाबा आणि साधनाताई आमट्यांचं आनंदवन आपल्या वरोऱ्यात १९४९ पासून उभं आहे. म्हणजे कायद्याला जाग यायला सत्तर वर्षं लागली. सासर-माहेरच्या मनातलं कलम कधी निघणार, देव जाणे.

औषध तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने, चट्टे जास्त असतील तर वर्षभर. गोळ्या सुरू झाल्या की आजार दुसऱ्याला लागायची भीती लवकरच जाते. वेळेत घेतल्या तर बोटं झडणं, हातपाय वाकडे होणं टळतं. लपवण्यात जे दिवस जातात, त्यातच नसा खराब होतात. तरी आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आपल्याच देशात सापडतात. आशाताई तपासायला दारात आली की आपण दारातूनच सांगतो, "आमच्याकडं नाही कुणाला तसलं काही."

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. सासूबाई तोंड फिरवून तांदूळ निवडत बसल्या. मी म्हटलं, लग्नाला अजून सहा महिने आहेत ना? तेवढ्यात कोर्ससुद्धा पुरा होईल कदाचित. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं सुनेला म्हणाल्या, "चहा टाक." मी प्यायले. येत्या मंगळवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं ठरलंय. सकाळच्या एस.टी.नं, आम्ही दोघी. सासूबाई येतील की नाही, अजून नक्की नाही.