दृष्टिनाडीशोथ : तिमिर समजून थांबू नये

काही वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातील तिशीतली एक भगिनी माझ्या चिकित्सालयात आली. उजव्या डोळ्यापुढे धूसर पडदा आणि डोळा फिरविताच मागच्या बाजूस कळ. डोळा बाहेरून स्वच्छ. मी तिमिर समजून त्रिफळा घृत दिले, तर्पण योजिले. पाचव्या दिवशी ती सहज म्हणाली, "डॉक्टर, या डोळ्यानं कुंकू मातकट दिसतंय." तेव्हा कुठे मला दृष्टिनाडीशोथाची, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसची शंका आली. वाया गेलेले ते पाच दिवस आजही मनाला बोचतात.

प्रौढांत हा विकार बहुधा २० ते ४५ या वयात, स्त्रियांत अधिक व सहसा एकाच डोळ्यात होतो. काही तासांत वा दिवसांत दृष्टी घटते, रंग फिके पडतात, डोळा हलविताना दुखतो. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत शोथ नेत्रगोलाच्या मागे असल्याने आरंभी नेत्रतळही प्राकृत दिसतो. बालकांचे चित्र निराळे. विषाणुजन्य ज्वरानंतर, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत एकदम आणि शिरःशूलासह तो उद्भवतो. मूल केवळ "फळ्यावरचं दिसत नाही" म्हणते आणि आपण चष्म्याकडे बोट दाखवितो.

परीक्षेस यंत्र लागत नाही. लाल वस्तू एकेका डोळ्याने पाहण्यास सांगावे. टॉर्चचा प्रकाश आळीपाळीने दोन्ही डोळ्यांवर टाकावा. बाधित डोळ्यावर येताच बाहुली आकुंचित होण्याऐवजी विस्तारली, तर शंका बळावते. एकाच वेळी दोन्ही डोळे बाधित असल्यास मात्र हे चिन्ह मिळेलच असे नाही.

अनेक रुग्णांची दृष्टी काही आठवड्यांत आपोआप सुधारते आणि श्रेय आपल्या घृताला मिळते. धोका नेमका येथेच आहे. हाच शोथ मल्टिपल स्क्लेरोसिसचे पहिले लक्षण असू शकतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्ये विलंबाने कायमचे अंधत्व येऊ शकते. स्टेरॉइडच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत नेहमीच्या मात्रेत केवळ तोंडावाटे प्रेडनिसोन दिलेल्यांत विकार अधिक वेळा उलटला.

सुश्रुताचार्यांनी ७६ नेत्ररोग वर्णिले, ते वैद्याने भेद ओळखावा म्हणूनच. जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे साठ किलोमीटरवर. संशय येताच रुग्णास त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवावे. तर्पणाचा विचार निदानानंतरही करता येईल. गेलेली दृष्टी मात्र परत आणता येईलच असे नाही.